बाबा, दूध सोडू नका

ह्यूस्टन

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मुतखड्याच्या धसक्याने तुम्ही दूध आणि दही सोडल्याचे आईने फोनवर सांगितले. खडा कॅल्शियमचा, म्हणून कॅल्शियमच बंद, हा हिशेब वरवर बिनचूक वाटतो. परंतु ज्यांच्या मुतखड्याची नासाला इतकी धास्ती वाटते, त्या अंतराळवीरांच्या जेवणातूनही कॅल्शियम काढलेले नाही.

त्यांच्या लघवीतले जादा कॅल्शियम ताटातून नव्हे, हाडांतून आलेले असते. अंगाचा भार पेलण्याचे काम उरले नाही की हाडे झिजू लागतात. खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला सुमारे १ ते १.५ टक्के घटल्याची नोंद आहे. त्यात पाणी कमी प्यायले जाते, लघवी दाट होते आणि खडा धरू न देणारे सायट्रेटही घटते. १९८२ मध्ये सॅल्युत ७ या सोव्हिएत स्थानकावर एका अंतराळवीराला अशा कळा आल्या की मोहीम आवरती घेण्याची वेळ आली होती. सुदैवाने खडा आपोआप पडला.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर लघवीपासून पिण्याचे पाणी करणारे यंत्रदेखील याच कॅल्शियमने तुंबले होते. वरच्या मंडळींच्या लघवीत ते अपेक्षेपेक्षा जास्त निघाले आणि यंत्रात कॅल्शियम सल्फेटचा साका बसला. पुढे लघवीत मिसळायचे सल्फ्युरिक आम्ल बदलून फॉस्फरिक आम्ल घ्यावे लागले. मूत्रपिंडाला मात्र अशी सोय नाही! म्हणून मुळावरच घाव घालतात: निर्वात नळकांड्यांच्या ओढीविरुद्ध जोर लावण्याचा व्यायाम, भरपूर पाणी, जेवणात कमी मीठ. पोटॅशियम सायट्रेटच्या आणि हाडांची झीज रोखणाऱ्या ॲलेन्ड्रोनेटच्या गोळ्याही तिथे प्रत्यक्ष देऊन पाहिल्या आहेत.

तुमची हाडे जमिनीवर आहेत, त्यामुळे तुमची गोष्ट वेगळी. जेवणासोबतचे दूध-दही आतड्यातच ऑक्झलेटला (जेवणातले, कॅल्शियमशी मिळून खडा बनवणारे द्रव्य) बांधून ठेवते. ते सोडले तर मोकळे ऑक्झलेट रक्तातून थेट लघवीत उतरते. सोडायचेच असेल तर पापड आणि आईचे लोणचे आवरा, कारण मिठामुळे लघवीतले कॅल्शियम वाढते. (हे वाक्य आईला वाचून दाखवू नका.) पाणी इतके प्या की दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी झाली पाहिजे. सायट्रेटची गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

पडलेल्या खड्याची तपासणी झाली असल्यास अहवालाचा फोटो पाठवावा. तो कॅल्शियम ऑक्झलेटचा नसेल, तर मला वरचा अर्धा उपदेश मागे घ्यावा लागेल.

आईस नमस्कार.

तुमची,
मनू