चलानातला फोटो आधी उघडून बघा

संपादक महोदय,

मागच्या महिन्यात माझ्या मोबाईलवर ओव्हरस्पीडचं ई-चलान आलं, दोन हजार रुपयांचं. मी भरूनच टाकणार होतो, कोण कटकट करत बसणार, पण मुलगी म्हणाली बाबा फोटो तरी उघडा, आणि फोटोत बघतो तर पांढरा टेम्पो! माझी गाडी लाल हॅचबॅक आहे, आणि त्या दिवशी ती सोसायटीच्या पार्किंगमध्येच उभी होती. बहुतेक नंबरातला ३ कॅमेऱ्याने ८ वाचला असणार.

लोक गप पैसे भरतात ते मला पटत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ मध्ये वेगाचा गुन्हा दुसऱ्यांदा झाला की लायसन्स जप्त करायची तरतूद आहे, म्हणजे आज पैसे भरून न केलेला गुन्हा कबूल केला तर उद्या खरंच चूक झाल्यावर ती दुसरी धरली जाऊ शकते. ज्याचं पोटच ड्रायव्हिंगवर आहे त्याने काय करायचं?

केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये आलेल्या नियम १६७अ प्रमाणे कॅमेऱ्याच्या आधी दिसेल असा बोर्ड हवा, नोटीस १५ दिवसांत निघायला हवी, नंबर प्लेटचा फोटो आणि मोजलेला वेग पुरावा म्हणून हवा. यातलं एक जरी नसेल तर आधी पैसे भरू नका. राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक अ‍ॅपवर तक्रार टाका, आरसीची कॉपी, गाडीचा फोटो जोडा, आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा. मी तेच केलंय, उत्तराची वाट बघतोय.

– एक वाहनचालक, पुणे