गांजाच्या कायद्याविषयी मित्रास पत्र

शिरपूर, जि. धुळे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

गांजा कायदेशीर करून परवान्याच्या दुकानांतून विकावा, असे सांगणारे तुझे पत्र मिळून पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण या विषयावर इथे राहून घाईने लिहिणे मला बरे वाटले नाही. गांजा कायदेशीर करावा की नाही, हा पुण्यात चर्चेचा विषय असेल. आमच्या तालुक्यात मात्र सातपुड्याच्या पायथ्याशी तुरीच्या आणि कपाशीच्या आड लावलेली झाडे पोलीस वरचेवर उपटतात आणि त्या झाडांबरोबर कोणाचा तरी मुलगा गाडीत बसवून नेतात.

मागच्या हिवाळ्यात असा एक छापा मी बांधावर उभा राहून पाहिला. झाडे माणसापेक्षा उंच होती. ती मुळासकट उपटली, मुळांना चिकटलेली ओली माती तशीच राहिली, आणि पाला, खोड, मुळ्या असा सगळा भारा गोण्यांत कोंबून काट्यावर चढवला गेला. राखण करणारा पोरगा विशीतला, अनवाणी, पाड्यावरचा. शेत त्याच्या वडिलांच्या वनहक्काच्या पट्ट्यातले. बी बाहेरच्या माणसाने आणून दिले होते आणि मुलीच्या लग्नासाठी घेतलेली उचलही त्याचीच होती. तो माणूस कागदोपत्री कुठेच नाही. पोरगा अजून आत आहे.

त्या वजनाची गोष्ट समजून घे, कारण सगळा खटला तिच्यावर उभा राहतो. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. शेंडा सोबत नसेल तर नुसते बी आणि पाने त्यात धरली जात नाहीत, म्हणून तर भांग या व्याख्येबाहेर राहिली. एक किलोपर्यंत अल्प प्रमाण आणि वीस किलोच्या वर व्यापारी प्रमाण. व्यापारी प्रमाण ठरले की शिक्षा किमान दहा वर्षे, आणि आरोपी निर्दोष असावा असे मानायला वाजवी कारण आहे, अशी न्यायालयाची खात्री पटल्याशिवाय जामीनही मिळत नाही. ओल्या झाडांचा भारा मातीसकट तोलला तर वीस किलो व्हायला कितीसा वेळ लागणार? पाने आणि बी शेंड्यांपासून वेगळी न करता केलेल्या वजनावर मुंबई उच्च न्यायालयानेही जामिनाच्या प्रकरणांत बोट ठेवले आहे. पण तिथवर पोहोचायला वकील लागतो, आणि वकिलाला पैसे लागतात.

एवढे वाचून मी तुझ्या बाजूचा झालो, असे तुला वाटेल. पण दुकान उघडून विक्रीला परवाना द्यावा, या तुझ्या मताशी मी सहमत नाही. आपल्याकडची माणसे या मागणीला विरोध करतात ती केवळ जुन्या वळणाची आहेत म्हणून, हे तुझे वाक्य मला फार लागले. इथल्या बायांनी परवान्याचे दारूदुकान काय करते ते आपापल्या चुलीपाशी पाहिले आहे. कापूस विकून आलेला पैसा घरी पोहोचण्याआधी कुठे संपतो, हे त्यांना कोणी पुस्तकातून शिकवले नाही. दारूदुकान बंद व्हावे म्हणून आडव्या बाटलीच्या चिन्हाला मत द्यायला उन्हात रांगा लावणाऱ्या बायांना उद्या त्याच रस्त्यावर दुसऱ्या नशेचे दुकान सरकारी पाटी लावून दिसले, तर त्यांनी ते का मान्य करावे? माळकरी घरातल्या म्हाताऱ्याची भीतीही मी हलकी मानत नाही. कोवळ्या वयात रोज ओढणाऱ्यांना मानसिक आजाराचा धोका वाढतो, हे डॉक्टरही सांगतात.

तू कॅनडाचे आणि जर्मनीचे उदाहरण दिलेस. कॅनडाने ऑक्टोबर २०१८ मध्ये दुकानांतून विक्री सुरू केली, हे खरे. पण जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून प्रौढांना पंचवीस ग्रॅमपर्यंत जवळ बाळगण्याची आणि घरी तीन झाडे लावण्याची मुभा दिली, दुकाने उघडली नाहीत. मला अमेरिकेतल्या ओक्लाहोमाचे उदाहरण अधिक जवळचे वाटते. चर्चला जाणाऱ्या, जुन्या रीती जपणाऱ्या लोकांचे ते राज्य. तिथल्या मतदारांनी २०१८ मध्ये औषध म्हणून गांजाला संमती दिली आणि २०२३ मध्ये मौजेसाठीच्या वापराचा प्रस्ताव फेटाळला. आजाऱ्याची गरज आणि धंदा यांत फरक करण्याची समज अशा लोकांकडेही असते. थायलंडने तर २०२२ मध्ये सैल सोडलेली दोरी २०२५ मध्ये पुन्हा आवळून डॉक्टरच्या चिठ्ठीची सक्ती केली.

आपल्याकडे इतिहासही सरळ नाही. इंग्रज सरकारने १८९३ मध्ये नेमलेल्या आयोगाने पूर्ण बंदी नको, कर आणि परवाना असावा, असे सुचवले होते. त्या काळी आपल्या शेजारच्या निमाडात, खांडव्याकडे, गांजाची शेती सरकारी देखरेखीखाली होत असे. आजही डोंगरापलीकडून इकडे आणि इकडून तिकडे माल जातो, फक्त देखरेख गेली आणि भीती आली.

म्हणून माझे म्हणणे असे आहे, आणि ते मी पूर्ण विचाराने लिहितो आहे: ओढणाऱ्याला आणि उचलीपायी राखण करणाऱ्याला तुरुंगातून बाहेर ठेवणारा बदल आधी व्हावा, वजन फक्त शेंड्यांचे व्हावे, आणि विक्रीचा प्रश्न कधी आलाच तर दारूदुकानाबाबत जसे गावातल्या बाया मत देतात, तसा निर्णय त्यांच्या हाती असावा. पुण्यामुंबईने तो त्यांच्यावर लादू नये, आणि गावाने कोणाच्या आजाराला पाप म्हणू नये.

हे शेवटचे मी आमच्या गल्लीतल्या एका घराकडे पाहून लिहितो. तिथला मुलगा दोन वर्षे ओढत होता. आईला वासावरून कळले होते, तरी वडिलांनी कोणापुढे शब्द काढला नाही, कारण धाकट्या बहिणीचे लग्न जमायचे होते. स्वतःहून उपचाराला जाणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण देणारे कलम, चौसष्ट-अ, याच कायद्यात आहे. ते त्यांना ठाऊकच नव्हते. मी त्यांच्या ओट्यावर बसून ते वाचून दाखवले, तेव्हा ती माउली पदर डोळ्यांना लावून बराच वेळ गप्प बसली. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने तिघे धुळ्याला गेले.

पुढच्या ग्रामसभेत त्या कलमाची मराठी प्रत वाटायचे मी ठरवले आहे. तुझ्या ओळखीच्या त्या वकिलांना विचारून पाड्यावरच्या पोराच्या जामिनाचे काय करता येईल, ते लगेच कळव. पंचनाम्याची नक्कल सोबत जोडली आहे. वजनाचा मजकूर दुसऱ्या पानावर आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
नाना