निविदेचा निकाल गुपित कशासाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लघुउद्योजकांनी सरकारी खरेदीत उतरावे आणि त्याआधी बाजाराचा नीट अभ्यास करावा, असा सल्ला देणारा लेख कालच्या अंकात वाचला. लेखकांचा हेतू चांगला आहे. पण राज्य सरकारच्या निविदा जिथे निघतात त्या महाटेंडर्सच्या संकेतस्थळावर बसून हा अभ्यास त्यांनी स्वतः एकदा तरी करून पाहिला आहे का? शिवाय सूक्ष्म व लघुउद्योगांकडून २५ टक्के खरेदीचे जे धोरण ते सांगतात, ते केंद्राची खाती आणि केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांसाठी आहे. आमचे गिऱ्हाईक जिल्हा परिषद आणि नगरपालिका.

कुपवाड एमआयडीसीत माझी फॅब्रिकेशनची शेड आहे. शाळांसाठी ड्युअल डेस्क, म्हणजे दोन मुलांचे बाक, करतो. दोन वर्षांपूर्वी पाइप बेंडिंग मशीन घ्यायचे होते. कर्ज काढण्याआधी मला एवढेच हवे होते की, आसपासच्या चार जिल्ह्यांत वर्षाला किती डेस्क घेतात, काय दराने आणि कोणाकडून. मुलगी आणि मी तीन रात्री कॉम्प्युटरसमोर बसलो. दर वेळी नवा कॅप्चा. जरा उठून आलो की सेशन संपलेले, पुन्हा पहिल्यापासून. ११४ निविदा वहीत उतरवल्या. त्यातल्या २९ निविदांतच काम कोणाला मिळाले आणि दर काय, हे सापडले. कित्येक निविदा अजून ‘तांत्रिक मूल्यमापन’ याच टप्प्यावर दिसत होत्या. डेस्क मात्र शाळेत पोहोचून वर्ष झालेले. कुठे कुठे आदेश जोडलेला होता, पण तो तिरका स्कॅन. त्यात शब्द शोधता येत नाही, आकडा उचलता येत नाही. आणि तीन कोटेशनवर झालेल्या छोट्या खरेद्यांचा तर तिथे पत्ताच नाही.

म्हणून एका कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दीडशे शब्दांच्या आत, एकच विषय, सगळे नियमाप्रमाणे. तीन वर्षांत घेतलेल्या डेस्कची संख्या, दर आणि पुरवठादाराचे नाव, एवढेच विचारले होते. अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तर आले: माहिती त्रयस्थ पक्षाची आहे, कलम ८(१)(घ) प्रमाणे व्यापारी गुपित आहे, देता येत नाही. २० रुपयांचा स्टॅम्प लावून अपील केले. सुनावणीत साहेब म्हणाले, “तुम्हाला दुसऱ्याचा रेट कशाला पाहिजे? तुम्ही तुमचा भरा ना.” शेवटी पाने मिळाली. पानाला दोन रुपये घेतले आणि दराच्या रकान्यावर कागद ठेवून झेरॉक्स काढलेली.

त्याच महिन्यात पुतणीच्या शाळेत गॅदरिंगला गेलो होतो. वर्गात तेच डेस्क. पाठीवर पुरवठादाराचे नाव आणि मोबाईल नंबर पांढऱ्या रंगात छापलेला. जे नाव मला गुपित म्हणून नाकारले होते, ते चौथीतली पोरे रोज वाचत होती. मी खिशातला टेप काढून पाइप मोजला आणि घरी येऊन अंदाजाने दर बसवला. अंदाज चुकला. मशीन आले, हप्ते सुरू आहेत, आणि आठवड्यातले तीन दिवस ते बंद असते.

निविदा उघडेपर्यंत दर गुप्त राहिलाच पाहिजे, यात वाद नाही. पण उघडल्यावर? ज्यांनी ज्यांनी निविदा भरलेली असते, त्यांना एकमेकांचे दर दिसतात. म्हणजे वर्षानुवर्षे तिथे भरणाऱ्यांना सगळे ठाऊक असते. दर लपतो तो फक्त नव्याने येणाऱ्यापासून. जुन्या ठेकेदाराला स्पर्धा नको असेल तर त्याला याहून अधिक सोय ती काय हवी? आणि पैसा कोणाचा? जिल्हा परिषदेने एका डेस्कला काय मोजले, हे कर भरणाऱ्याला अर्जाशिवाय कळले पाहिजे. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४(२) हेच सांगते की, लोकांना अर्ज करण्याची वेळच कमीत कमी यावी इतकी माहिती कार्यालयांनी आपणहून द्यावी. कायदा २००५ चा आहे. युक्रेनच्या ‘प्रोझोरो’ या सरकारी खरेदीच्या यंत्रणेत लिलाव संपला की कोणी किती भाव दिला ते कुणालाही बघता येते. मुलीने मला ते उघडून दाखवले. तिथे मला लॉगिनही लागले नाही.

माझी मागणी मोठी नाही. वस्तू, संख्या, दर, पुरवठादार, आदेशाची तारीख, असे पाच रकाने प्रत्येक कार्यालयाने दर महिन्याला डाउनलोड करून घेता येईल अशा तक्त्यात टाकावेत. कोटेशनवरची खरेदीसुद्धा.

आता एक आपल्याबद्दल. निविदा सूचना आपल्या अंकात इतक्या बारीक टायपात छापता की माझ्यासारख्या पन्नाशी ओलांडलेल्याला भिंग घ्यावे लागते. परवा तर अंतिम तारखेचा आकडा शाईत बुडाला होता, फोन करून विचारावा लागला. त्या जाहिरातींचे पैसे आपल्याला मिळतात. टाइप निदान वाचता येईल एवढा करावा, ही विनंती.

आपला,
एक लघुउद्योजक
कुपवाड, जि. सांगली