स्कॉलरशिपच्या खिडकीवरच्या मॅडमना

मॅडम,
सप्रेम नमस्कार.

शिष्यवृत्ती कक्षाच्या लिपिकाने आलेला अर्ज तपासायचा आणि प्राचार्यांच्या लॉगिनला पाठवायचा, एवढंच काम कागदावर आहे. तुम्ही मात्र अर्ज भरण्याआधीच मुलांना कागद घेऊन बोलावता. आम्ही महाडीबीटीचे, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचे, फॉर्म भरून देणारी माणसं. पैसे कुठे अडतात ते आम्हाला पाठ झालंय, म्हणूनच तुमच्या खिडकीवर काय घडतं त्याची किंमत कळते.

उत्पन्नाच्या दाखल्याचंच घ्या. तहसीलदारांचा दाखला ३१ मार्चपर्यंत चालतो. बारावीच्या धावपळीत फेब्रुवारीत काढून ठेवलेला दाखला जुलैत प्रवेश होईपर्यंत मुदत संपलेला असतो, आणि घरच्यांना ते अर्ज परत आल्यावरच समजतं. तुम्ही "एप्रिलनंतरचा दाखला" असं काचेवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंत. त्या दोन शब्दांनी किती जणांची सेतू केंद्रावरची दुसरी फेरी वाचली!

योजना निवडतानाही तुम्ही घाई करू देत नाही. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरच्या) शिष्यवृत्तीसाठी पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. उत्पन्न त्याच्या थोडं वर गेलं की "आपल्याला काही मिळत नाही" म्हणून पालक परत फिरतात. त्यांना थांबवून फ्रीशिप वेगळी असते, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क त्यातून मिळतं, हे तुम्ही सांगता. खुल्या गटातल्यांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना दाखवता: आठ लाखांपर्यंत उत्पन्न, प्रवेश कॅपमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून, निम्मं शुल्क. मुलींना ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानंतर व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी ते पूर्ण मिळतं. पण "मुलींना शिक्षण मोफत" ऐकून आलेल्या वडिलांना तुम्ही फीचा तक्ता समोर ठेवून दाखवता की ही माफी शिक्षण आणि परीक्षा शुल्काची आहे. विकास शुल्क, वसतिगृह, मेस त्यात नाही. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर हे सगळंच हातचं जातं, हेही प्रवेशाआधी सांगता. ऐकायला कडू वाटतं, पण पैशांची जुळवाजुळव करायला त्या घराला दोन महिने मिळतात.

अर्जातली एक छोटी चौकट आहे, वसतिगृहात राहणारा की घरून ये-जा करणारा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत इंजिनिअरिंगसारख्या पहिल्या गटात वसतिगृहवाल्याला वर्षाला १३,५०० रुपये निर्वाह भत्ता आहे, घरून येणाऱ्याला ७,०००. चुकीच्या खुणेने ६,५०० रुपये जातात. वसतिगृहाचा दाखला मागून ती खूण स्वतः बघणारं तुमच्याइतकं दक्ष कुणी आम्ही पाहिलेलं नाही.

बँकेच्या खात्याबद्दल तर तुमचे विशेष आभार. "आधार लिंक आहे" असं प्रत्येक पालक खात्रीने सांगतो, आणि तो खोटं बोलत नसतो. केवायसीसाठी बँकेत आधार दिलेलं असतं. पण शिष्यवृत्ती खाते क्रमांकावर येत नाही, ती आधारवर येते, आणि एनपीसीआयच्या (बँकांमधली देवाणघेवाण चालवणाऱ्या संस्थेच्या) नोंदीत त्या आधारसमोर ज्या बँकेचं नाव आहे तिथेच जाते. एका आधारसमोर एका वेळी एकच बँक असते. शेवटी जिथे सीडिंग, म्हणजे आधारची ही जोडणी, झालं ती. सिमकार्ड घेताना सहज उघडलेलं पेमेंट बँकेचं खाते असलं की पैसे तिकडे जातात आणि मूल इकडे पासबुक भरून भरून थकतं. तुम्ही प्रत्येकाला माय आधार या आधारच्या वेबसाइटवर "बँक सीडिंग स्टेटस" उघडायला लावता. तिथे फक्त बँकेचं नाव दिसतं, खाते क्रमांक दिसत नाही, म्हणून त्या बँकेचं पासबुक सोबत आणायला सांगता. खाते "स्मॉल अकाउंट" प्रकारातलं, म्हणजे पूर्ण केवायसीशिवाय उघडलेलं, असेल तर वर्षभराची जमा एक लाखावर जाऊ शकत नाही. मोठी रक्कम यायची असेल तर ती अशाने अडते. पूर्ण केवायसी करून खाते बदलून घ्या, हे ऑगस्टमध्येच सांगणं आणि मार्चमध्ये सांगणं यात फार फरक आहे.

२०२१ पासून अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतला केंद्राचा साठ टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर येतो, आणि त्यात कॉलेजची फीही असते. घरी वाटतं भत्ता आला. पैसे बियाण्याला, औषधपाण्याला जातात आणि परीक्षेच्या फॉर्मच्या वेळी थकबाकी समोर येते. तुम्ही पैसे जमा व्हायच्या आधीच मुलाच्या वहीत दोन आकडे लिहून देता: यातले इतके कॉलेजचे, इतके तुझे. कुणाला न रागावता, न लाजवता.

आणि मोबाईल क्रमांक! नोंदणी सायबर कॅफेवाल्याच्या क्रमांकावर, मग अर्ज "सेंट बॅक" झाल्याचा मेसेज त्याला. मुलाला कळेपर्यंत दुरुस्तीची मुदत सरलेली. तुम्ही मुलाच्याच फोनवर ओटीपी आल्याशिवाय अर्ज पुढे घेत नाही. रांग वाढते, लोक कुरकुरतात, तुम्ही बधत नाही. तेच बरोबर आहे.

दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज आपोआप होत नाही, हे तर तुम्ही वर्गावर्गात जाऊन सांगता.

यंदा प्रवेश सुरू झाले की आमच्यातले दोघे रोज दुपारी तुमच्या खिडकीशेजारी बसतील. आधार सीडिंग आणि दाखल्यांच्या तारखा आम्ही पाहू. योजना निवडायचं काम तुमच्याकडेच राहू द्या, ते तुमच्यासारखं आम्हाला जमत नाही. काचेवरचा कागद आता पिवळा पडलाय, नवीन छापून आणतो.

आपले,
फॉर्म भरायला मदत करणारे माजी विद्यार्थी आणि पालक