अक्षरं गिरवून झाली, वाचायचं कधी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोरांना वाचता येत नाही म्हटलं की सगळे मोबाईलला शिव्या घालून मोकळे होतात. मोबाईलचा दोष आहेच, पण सगळं त्याच्यावर ढकललं की शाळेला काही करायला लागत नाही आणि आपल्यालाही नाही, म्हणून हे पत्र.

शैलजा मेनन म्हणून संशोधक आहेत. त्यांनी आणि त्यांच्या टीमनं पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यातल्या मराठी शाळा आणि कर्नाटकात यादगीरकडच्या कन्नड शाळा घेतल्या आणि २०१३ ते २०१६ तीच पोरं पहिलीपासून तिसरीपर्यंत बघितली. प्रोजेक्टचं नाव लिरिल (हो, साबणासारखंच). एकदा जाऊन परीक्षा घेतली आणि टक्केवारी छापली असला प्रकार नाही, वर्गात बसून बाई काय शिकवतात, पोरं वहीत काय लिहितात, सगळं नोंदवलंय. आणि दिसलं काय, तर तिसरी संपत आली तरी बऱ्याच पोरांना साधा उतारा सलग वाचता येईना, आणि वर्गातला वेळ जातोय कशात तर अक्षरं घोकण्यात आणि फळ्यावरचं उतरवून घेण्यात. गोष्ट ऐकणं, तिच्यावर बोलणं, स्वतःच्या मनानं दोन ओळी लिहिणं हे जवळजवळ नाहीच. वाड्यातली बरीच पोरं आदिवासी, घरची बोली वेगळी, ती बोली वर्गाच्या दाराबाहेरच.

हे वाड्यातलं, कोल्हापुरात काय त्याचं, असं कुणी म्हणेल. तर आमच्या शेजारची दुसरीतली पोरगी बघा. धडा असा धडाधड म्हणते की आजीनं दृष्टच काढावी. मी त्याच पानावर मधल्याच एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, इथनं वाच बाळ, तर ती गप्प. मग डोळे वर करून पहिल्या ओळीपासनं पुटपुटत आली, त्या ओळीपर्यंत पोचली आणि तिथनं परत सुसाट! धडा पाठ आहे, वाचन नाही. वहीत ‘क्ष’ मात्र पानभर, एकाखाली एक, मोत्यासारखे.

त्यात आपली लिपी काय सव्वीस अक्षरांत आटपणारी नाही. नुसती बाराखडी धरली तरी चारशेच्या घरात जाते, जोडाक्षरं वेगळीच. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या पोरांवर काम केलंय, त्यात दिसतंय की अक्षरं पक्की व्हायला चौथीपर्यंतसुद्धा वेळ लागतो, आणि कन्नडचीही घडण आपल्यासारखीच, अक्षराला मात्रा जोडायची. मग ‘आधी सगळी अक्षरं येऊ देत, मग पुस्तकं देऊ’ या हिशोबानं पोराच्या हातात पुस्तक पडणार कधी? तोवर त्याचं मन उडालेलं असतं. दोन्ही एकदमच चालायला पाहिजे, अक्षरंही आणि गोष्टीही, पहिलीच्या पहिल्या दिवसापासनं.

हे आपल्याकडं जमत नाही असं तर कुणी सांगूच नये. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी, मूळच्या अमेरिकन बाई, तिथल्याच मराठी बोलीचा अभ्यास करून पीएचडी केली आणि पुढं पोरांना मराठी वाचायला शिकवण्यात आयुष्य घातलं. थोडी अक्षरं, त्यांना काना-मात्रा, की लगेच शब्द, शब्दाला अर्थ. आणि आपल्याच गावात लीलाताई पाटलांनी १९८५ साली सृजन आनंद ही शाळा काढली, तिथं पोरांच्या बोलण्याला आणि अनुभवाला किंमत दिली. शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या मोफत शिक्षणाचा हुकूम काढला, पोराला शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड लावला. पोरं शाळेत आली, शंभर वर्षं होऊन गेली त्याला, आता आत बसवून काय करतोय ते बघायला नको?

बाईंना मी दोष देत नाही. वर्गात चाळीस पोरं, त्यात ऑनलाईन माहिती भरा, फोटो अपलोड करा, सर्व्हे करा. पण एक गोष्ट फुकटात होण्यासारखी आहे. बऱ्याच शाळांत गोष्टीची पुस्तकं आलेली आहेत, चांगली रंगीत, आणि ती कपाटात कुलूपबंद, कारण फाटली तर भरून कोण देणार. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाला बाहेर येतात, संध्याकाळी परत आत. तर पालकांनो, पुढच्या पालकसभेत मार्कांचं नंतर विचारा, आधी त्या कपाटाची किल्ली कुणाकडं आहे ते विचारा, आणि शिक्षण विभागानं एवढंच लेखी कळवावं की पुस्तक फाटलं तर ते बाईंच्या पगारातनं कापलं जाणार नाही.

आपला,
एक जुना वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर