जेरंड: आधीचा शब्द बघ

दादर, मुंबई

प्रिय संजय,

तुझ्या इंग्रजी अर्जाचा मसुदा वाचला. मजकूर चांगला आहे, फक्त जेरंडपाशी गाडी अडते आहे. तेवढं एकदा नीट समजून घे.

क्रियापदाला आयएनजी लागून त्याचं नाम झालं की जेरंड. आपल्याकडे पोहणं, वाचणं होतं तसंच. पण नुसत्या आयएनजीवर जाऊ नकोस. ‘आय ॲम स्विमिंग’मध्ये ते क्रियापदच आहे, ‘आय एन्जॉय स्विमिंग’मध्ये नाम. शंका आली तर त्या जागी ‘क्रिकेट’ घालून बघ. ‘आय एन्जॉय क्रिकेट’ चालतं, म्हणजे तो जेरंड. कर्ता झाला तर तो एकवचनी धरायचा: ‘क्रॉसिंग द ट्रॅक्स इज डेंजरस’. शेजारचं ‘ट्रॅक्स’ बघून हात आपोआप ‘आर’ लिहितो, तिथे सांभाळ.

बाकी सगळं आधीच्या शब्दावर ठरतं. एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, माइंड, सजेस्ट, कीप यांच्यापुढे जेरंडच. वाँट, डिसाइड, होप, अ‍ॅग्री यांच्यापुढे टू. याला नियम शोधत बसू नकोस, क्रियापद पाठ करतानाच जोडी पाठ कर. ‘ही सजेस्टेड टू गो’ मी फार ऐकतो. ‘ही सजेस्टेड गोइंग’ हवं.

शब्दयोगी अव्ययापुढे मात्र कायम जेरंड: ‘गुड ॲट ड्रॉइंग’, ‘आफ्टर रीडिंग’. तुझी खरी चूक इथेच आहे. ‘आय लुक फॉरवर्ड टू मीट यू’ असं तू लिहिलंस. इथला टू हे अव्यय आहे, म्हणून ‘टू मीटिंग यू’. ओळखायचं कसं? टूच्या पुढे नाम ठेव. ‘लुक फॉरवर्ड टू युअर रिप्लाय’ बरोबर बसतं, ‘वाँट टू युअर रिप्लाय’ बसत नाही. ‘आय यूज्ड टू लिव्ह इन ठाणे’ म्हणजे पूर्वी राहायचो. ‘आय ॲम यूज्ड टू स्टँडिंग इन द लोकल’ म्हणजे उभं राहायची सवय आहे. त्या एका ‘ॲम’ने सगळं पालटतं.

उलटी चूक ‘साठी’मुळे होते. फुलं घेण्यासाठी दादरला गेलो, याचं आपण ‘फॉर बायिंग फ्लॉवर्स’ करतो. जाण्याचा हेतू सांगायचा असेल तर ‘टू बाय’. वस्तू कशासाठी वापरतात हे सांगताना फॉर चालतो: ‘धिस नाइफ इज फॉर कटिंग फिश’.

काही क्रियापदं दोन्ही घेतात आणि अर्थ बदलतो. इथे मराठी फार कामाला येते. ‘स्टॉप्ड टॉकिंग’ म्हणजे बोलायचा थांबला, ‘स्टॉप्ड टू टॉक’ म्हणजे बोलायला थांबला. ‘आय रिमेंबर लॉकिंग द डोअर’ म्हणजे कुलूप लावल्याचं आठवतंय. ‘रिमेंबर टू लॉक द डोअर’ म्हणजे लावायला विसरू नकोस. ही वाक्यं मोठ्याने म्हण, फरक कानात बसेल.

स्पेलिंगचं थोडक्यात: मेकचा शेवटचा ई जातो, स्विम आणि रनचं शेवटचं अक्षर दुप्पट होतं, लायचं एलवायआयएनजी.

आता अर्जातल्या प्रत्येक टू आणि फॉरखाली पेन्सिलने रेघ मार, पुढचा शब्द तपास आणि दुसरा मसुदा रविवारपर्यंत पाठव.

तुझा,
मिलिंद