आयांच्या हस्तकलेसाठी क्लब हाऊस महिन्यातून दोन शनिवारी मिळावे

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापन समिती

विषय: दुसऱ्या व चौथ्या शनिवारी रात्री ८ ते १० या वेळेत क्लब हाऊस वर्षभरासाठी मिळण्याबाबत

मा. अध्यक्ष महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी बी विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहते. माझी मुलगी चौदा महिन्यांची आहे. इथे राहायला आल्यापासून लिफ्टमध्ये आणि बागेत मला बऱ्याच लेकुरवाळ्या बायका भेटल्या. "किती महिन्यांची?" "दात आले का?" एवढं होईस्तोवर कुणाचा तरी मजला येतो. माझ्या फोनमध्ये एक नंबर "जुळ्यांची आई" म्हणून सेव्ह आहे. आठ महिने आम्ही एकमेकींशी बोलतोय, मला तिच्या दोन्ही मुलांची नावं पाठ आहेत, तिचं स्वतःचं नाव मात्र मला गेल्या आठवड्यात कळलं. तिला माझं त्याच दिवशी कळलं. त्या दिवसापासून हे पत्र मनात आहे.

आम्हाला क्लब हाऊसमध्ये आयांसाठी हस्तकलेची संध्याकाळ सुरू करायची आहे. विणायचं, शिवायचं, कागदाच्या घड्या घालायच्या आणि बसायचं. गप्पांचा कार्यक्रम ठेवला असता तर मीच कदाचित आले नसते. अनोळखी बाईसमोर बसून काय बोलायचं, हा प्रश्न पडतोच. हातात काम असलं की नजर कामावर राहते, मधेच गप्प बसलं तरी अवघडल्यासारखं होत नाही, आणि "हा टाका कसा घेतलास गं?" म्हणून बोलणं आपोआप सुरू होतं.

सुरुवात क्रोशाने करायचं ठरवलं आहे, आणि ते पुष्कळ विचार करून. क्रोशात सुईवर एका वेळी एकच फास उघडा असतो. बाळ रडलं तर तो फास जरा लांब ओढून ठेवायचा आणि उठायचं. परत येईपर्यंत काही उसवत नाही. दोन सुयांच्या विणकामात अख्खी ओळ सुईवर असते, सुई निसटली की टाके सुटत जातात. तान्ह्या बाळाच्या आईला असं काम पेलत नाही. नवशिक्यांसाठी ४ मिलिमीटरची सुई आणि फिकट रंगाची लोकर ठेवू, कारण गडद रंगात टाके दिसत नाहीत. काम एका बैठकीत पुरं होईल असं मुद्दामच घेणार नाही. अर्धवट राहिलेला चौकोन पिशवीत असला की पुढच्या शनिवारी यावंसं वाटतं.

आता मुख्य विनंती. मागे सचिवांशी सहज बोलले तेव्हा "एखादा दिवस ठेवा की, हरकत नाही" असं ते म्हणाले. त्यांनी ते आपुलकीने म्हटलं होतं, पण एका दिवसाने आमचं काम होणार नाही. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांचा २०१८ सालचा एक अभ्यास आहे. त्यात नव्या गावी राहायला गेलेल्या प्रौढांनाही विचारलं होतं. नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात, आणि जिवलग मैत्रीला २०० हून अधिक, असं त्यात दिसलं. महिन्यातून दोनदा दोन-दोन तास धरले तर वर्षाचे ४८ तास होतात. म्हणजे साध्या मैत्रीच्या उंबरठ्याशी यायलाच आम्हाला वर्ष लागेल. म्हणून वर्षभराची परवानगी मागते आहे, आणि वार-वेळ बदलू नये असंही वाटतं. लहान मूल असलेल्या घरात दोन तास मोकळे करायचे तर ते आधीपासून ठरलेले लागतात.

मागच्या महिला मेळाव्यात स्पर्धा होती, बक्षिसं होती, माईक होता. छान झाला, पण जी जिच्याबरोबर आली ती तिच्याच शेजारी बसून घरी गेली. इथे स्पर्धा ठेवणार नाही. कुणी कुठे बसायचं हे दर वेळी चिठ्ठ्या टाकून ठरवू, चार-चार जणींचे गट करू. भाडेकरू कुटुंबांतल्या आयांनाही येऊ द्यावं, ही कळकळीची विनंती. नव्याने आलेल्या बहुतेक त्याच आहेत. नातवंडं सांभाळणाऱ्या आज्याही आल्या तर आनंदच, विणकाम शिकवायला त्यांच्याइतकं चांगलं कोण मिळणार?

सुरक्षिततेची जबाबदारी माझी. रांगती मुलं असतील, त्यामुळे हॉट ग्लू गन आणणार नाही. शिवणाच्या सुया-टाचण्या मोजून देऊ, मोजून परत घेऊ आणि उठताना सतरंजीवरून लोहचुंबक फिरवू. झाडून, दिवे-पंखे बंद करून दहाच्या आत किल्ली वॉचमनकडे देऊ आणि रजिस्टरमध्ये सही करू. नियमाप्रमाणे हॉलचं जे शुल्क असेल ते वर्गणी काढून भरू.

यायला तयार असलेल्या अकरा जणींच्या सह्या सोबत जोडल्या आहेत. समितीच्या पुढच्या बैठकीत पाच मिनिटं दिलीत तर मी आणि आणखी दोघी येऊन भेटू. परवानगी मिळाल्यास सूचना फलकावर नावनोंदणीचा कागद लावू. त्यात फ्लॅट क्रमांकाआधी एकच रकाना असेल: तुमचं स्वतःचं नाव.

आपली नम्र,
बी विंगमधील एक रहिवासी